‘फाइल नीट वाचली जाते का ते पाहणे’: एका कलमाची चिकित्सा

आमच्या लॅबच्या टेस्ट प्लॅनमध्ये सातव्या क्रमांकावर दोन वर्षं एक वाक्य होतं: ‘तापमानाची फाइल नीट वाचली जाते का ते पाहणे.’ शेजारच्या ‘अपेक्षित निकाल’ या रकान्यात लिहिलं होतं: ‘फाइल नीट वाचली जावी.’ आणि त्याच्या शेजारी, हिरव्या रंगात, ‘पास’. तिन्ही रकाने मीच भरले होते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी, एका दुपारी, एका बैठकीत ३४ कलमं. संध्याकाळी गाइड मॅडमना पाठवून दिली आणि एक काम हातावेगळं झालं म्हणून खूश होऊन चहाला गेले.

आज त्या वाक्यावर लिहायचं आहे. टेस्ट प्लॅन हाही एक मजकूर असतो. कुणीतरी तो लिहितं, कुणीतरी (बहुतेक वेळा कुणीच नाही) वाचतं, आणि त्याच्या भरवशावर पुढची माणसं कामं करतात. कविता-कादंबरीची समीक्षा होते, तशी या मजकुराची कुणी करत नाही. माझ्या संशोधनाचा विषयच शास्त्रीय सॉफ्टवेअरची चाचणी हा आहे, तेव्हा सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

आधी झालं काय ते सांगते. आमचं सॉफ्टवेअर हवामान-केंद्रांच्या रोजच्या कमाल तापमानाच्या फाइली घेतं, महिन्याची सरासरी काढतं आणि नकाशावर रंग भरतं. एखाद्या दिवशी नोंद झाली नसेल तर फाइलमध्ये जागा मोकळी सोडत नाहीत, तिथं एक सांकेतिक आकडा टाकतात. आमच्या जुन्या फाइलींमध्ये तो उणे ९९९ होता आणि कोड तो ओळखून वगळायचा. नंतर दुसरीकडून नव्या फाइली आल्या. त्यांत ‘नोंद नाही’ यासाठी ९९.९ लिहायची पद्धत होती. कोडच्या दृष्टीनं ९९.९ हे तापमान होतं. फाइल उघडली, आकडे आले, लाल अक्षरांत काही आलं नाही. म्हणजे ‘नीट वाचली’. कलम सात पास.

आता गणित बघा. समजा, महिन्यात २९ दिवस तापमान बरोबर ३० अंश आहे आणि एका दिवसाची नोंद नाही. खरी सरासरी ३०. आमच्या कोडची सरासरी: २९ गुणिले ३० म्हणजे ८७०, अधिक ९९.९, भागिले ३०, म्हणजे ३२.३३. सव्वादोन अंशांहून जास्त फरक. हा आकडा महाराष्ट्रात कुणाच्या डोळ्यांत खुपणार? २३० आला असता तर लगेच कळलं असतं. ३२.३३ हा अगदी सभ्य आकडा आहे.

आणि चूक सगळीकडे सारखी नव्हती, हे त्याहून वाईट. ज्या केंद्रांवर नोंदी जास्त चुकतात ती जास्त तापलेली दिसायची. आणि नोंदी चुकतात त्या आडगावच्या केंद्रांवर. त्यामुळे नकाशावर एक झकास ‘निष्कर्ष’ आपोआप तयार झाला: शहरांपासून लांबचे भाग जास्त वेगानं तापत आहेत. आमच्या लॅबमधल्या एका ज्युनियरनं त्यावर चार महिने काम केलं. प्रबंधातल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा तयार झाला. कारणं शोधून झाली: जमिनीचा वापर, झाडतोड, सिंचन. (कारणं शोधायला बसलं की ती सापडतातच, हा वेगळा विषय आहे.) मग एक दिवस एका केंद्राची महिन्याची सरासरी ५५.६ आली. तिथं ३० पैकी ११ दिवसांच्या नोंदी नव्हत्या. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, हे केंद्र जरा विचित्र आहे, काढून टाकू का?”

तिनं ते केंद्र गपचूप काढून टाकलं असतं तर आज तो निष्कर्ष छापलेला असता. तिला दोष देता येत नाही. सुरुवातीलाच तिनं मला विचारलं होतं, “फाइल वाचण्याचा भाग तपासलेला आहे ना?” मी म्हटलं होतं, “हो, ते टेस्ट झालंय. प्लॅनमध्ये बघ, सात नंबर.”

तर, कलम सातमध्ये चूक काय? पहिलं उत्तर सगळेच देतात: ‘नीट’ हा शब्द मोघम आहे. बरोबर आहे, पण एवढ्यावर थांबलं तर माणूस ‘नीट’ काढून ‘अचूकपणे’ घालतो आणि समाधानी होतो. मी अशी दुरुस्ती केलेले प्लॅन पाहिले आहेत. खरी अडचण अशी की हे कलम नापास होऊच शकत नव्हतं. फाइल उघडलीच नाही तरच ते नापास झालं असतं, आणि फाइल उघडत नाही हे कळायला टेस्ट प्लॅन लागत नाही. कुठला आकडा दिसला की ‘फेल’ लिहायचं, हे त्यात कुठंच नव्हतं. अपेक्षित निकालाच्या रकान्यात मी पहिल्या रकान्यातलंच वाक्य क्रियापद बदलून पुन्हा लिहिलं होतं. ‘पाहणे’चं ‘जावी’ केलं, बस्स.

आमच्या आत्याकडे लग्नकार्याच्या याद्या असतात. तिच्या यादीत ‘पाहुण्यांचं नीट बघणे’ असं कधीच नसतं. ‘सकाळच्या गाडीनं अकरा जण येणार, आणायला कोण, गाडी कुणाची, आजोबांना जिना चढवत नाही तर खालची खोली’ असं असतं. ती यादी हातात घेतली की काय राहिलं ते पाच मिनिटांत कळतं. आत्यानं सॉफ्टवेअरचं नाव काढलेलं मला आठवत नाही, पण कलम कसं लिहावं हे तिला पहिल्या वर्षातल्या माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

मी ते वाक्य लिहिलं याचं थोडं खापर साच्यावरही फोडते. टेस्ट प्लॅनचा जगभर गाजलेला साचा म्हणजे आयईईई ८२९. हे मानक पहिल्यांदा १९८३ मध्ये आलं, १९९८ आणि २००८ मध्ये सुधारलं गेलं, आणि २०१३ मध्ये त्याची जागा २९११९ या आंतरराष्ट्रीय मानकमालेनं घेतली. पण इंटरनेटवर ‘टेस्ट प्लॅनचा नमुना’ म्हणून जे फिरतं त्यात अजूनही जुन्या ८२९ चीच १६ शीर्षकं असतात: ओळखक्रमांक, प्रस्तावना, चाचणीच्या वस्तू, कोणती वैशिष्ट्यं तपासणार, कोणती तपासणार नाही, पद्धत, पास-फेलचे निकष, आणि पुढे जबाबदाऱ्या, वेळापत्रक, जोखमी, मंजुरी.

इथं एक छोटा घोळ मिटवते. ८२९ मध्ये ‘टेस्ट आयटम’ म्हणजे ज्याची चाचणी घ्यायची ती वस्तू: अमुक प्रोग्राम, अमुक आवृत्ती. बोलताना मात्र आपण प्लॅनमधल्या एकेका ओळीलाच ‘आयटम’ म्हणतो. मी दुसऱ्या अर्थानं लिहिते आहे आणि त्याला सरळ ‘कलम’ म्हणते. दोन अर्थांची गल्लत झाली की लोक वस्तूंची यादी करतात आणि त्यालाच चाचण्यांची यादी समजतात. ‘लॉगिन, अहवाल, नकाशा, छपाई’ या वस्तू झाल्या. त्यांचं काय करायचं आहे?

साच्याबद्दल माझं मत संमिश्र आहे. त्यात दोन रत्नं आहेत: पास-फेलचे निकष आणि ‘काय तपासणार नाही’ हा भाग. विशेषतः दुसरा. न तपासलेल्या गोष्टी कारणांसह लिहून ठेवायला लावणारा कागद दुर्मीळच. पण १६ शीर्षकांच्या रांगेत सगळ्यांची उंची सारखी दिसते. ओळखक्रमांकाला एक शीर्षक आणि ‘काय तपासणार नाही’ यालाही एकच. भरणारा माणूस सोपी शीर्षकं आधी भरतो, पानं भरलेली दिसतात, आणि अवघड शीर्षकाखाली ‘लागू नाही’ येतं. माझ्या प्लॅनमध्येही ‘काय तपासणार नाही’ याखाली ‘लागू नाही’ असंच होतं. म्हणजे मी सगळंच तपासणार होते म्हणायचं!

या ‘लागू नाही’चं काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर एक अहवाल वाचा. एरियान ५ या युरोपियन रॉकेटचं पहिलं उड्डाण, क्रमांक ५०१, फ्रेंच गयानातल्या कुरू इथून ४ जून १९९६ ला झालं. उड्डाणक्रम सुरू झाल्यावर सुमारे ४० सेकंदांनी, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, रॉकेट वाट सोडून वळलं, तुटलं आणि त्याचा स्फोट झाला. पृथ्वीच्या चुंबकावरणाचा अभ्यास करणारे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह त्यात गेले. गणितज्ञ जाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमलं गेलं आणि त्यानं त्याच वर्षी जुलैमध्ये अहवाल दिला. लहानसा आहे, भाषा कोरडी आहे, आणि टेस्ट प्लॅन लिहिणाऱ्यानं पाठ्यपुस्तकाआधी तो वाचावा असं माझं मत आहे.

घटना थोडक्यात अशी. रॉकेट कुठं आहे, किती कललं आहे हे मोजणारं एक यंत्र असतं, त्याला एसआरआय म्हणत. त्याचं सॉफ्टवेअर जवळजवळ जसंच्या तसं एरियान ४ वरून घेतलं होतं. त्यात उड्डाणाआधी यंत्र स्थिर करून घेणारा एक भाग होता. रॉकेट उडाल्यावर त्या भागाचा एरियान ५ ला काडीचा उपयोग नव्हता, पण जुन्या रॉकेटच्या एका गरजेमुळे तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू राहायचा. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक राशी ६४ बिटांच्या दशांशी आकड्यातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलली जात होती. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियान ५ चा आडवा वेग एरियान ४ च्या मानानं पाचपट लवकर वाढत होता. राशी मावली नाही, सॉफ्टवेअरनं चूक जाहीर केली आणि यंत्र बंद पडलं. राखीव यंत्र? ते आधीच्याच ७२ मिलिसेकंदांच्या आवर्तनात नेमक्या याच कारणानं बंद पडलं होतं, कारण त्यात तेच सॉफ्टवेअर होतं. बंद पडताना यंत्रानं निदानासाठी जी माहिती पाठवली तिला मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून नळकांडी टोकाला वळवली.

ही गोष्ट संगणकाच्या वर्गात ‘आकडा मावला नाही’ एवढ्यावर संपवतात. अहवालाचा चाचणीबद्दलचा भाग फारसं कुणी वाचत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तिथं तीन गोष्टी सांगितल्या आहेत.

एक: एसआरआयच्या गरजांच्या कागदात एरियान ५ च्या उड्डाणमार्गाचे आकडे घातलेच नव्हते. कागदात मार्ग नाही, मग कलमात कुठून येणार? एरियान ५ च्या मार्गावर एसआरआय कसा वागेल याची एकही चाचणी झाली नाही.

दोन: संपूर्ण रॉकेटची जमिनीवरची नक्कल करणारी एक सोय होती. तिच्यात खरा एसआरआय बसवण्याऐवजी त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं. याची कारणंही होती, आणि प्रत्येक कारण सुटं वाचलं तर पटतं. यंत्र त्याच्या पातळीवर तपासून झालं आहे असं मानलं गेलं होतं. खऱ्या यंत्राला हवे तितके अचूक संकेत त्या सोयीत तयार करता येत नव्हते. खरं यंत्र बिघडवून बघता येत नाही. वेगाचाही मेळ बसत नव्हता: एसआरआयची लय एक मिलिसेकंदाची, नकलेची सहा मिलिसेकंदांची.

तीन, आणि इथं मी थबकले: पूर्णांकात बदलणाऱ्या सात राशींना धोका आहे हे आधीच ओळखलं होतं. प्रोसेसरवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको, या मर्यादेमुळे चारच राशींना संरक्षण दिलं, तीन तशाच ठेवल्या. या तिघी एक तर निसर्गतःच मर्यादित आहेत किंवा त्यांना भरपूर वाव आहे, असा विचार त्यामागे होता. हा विचार कोडमध्ये कुठंही लिहिलेला सापडला नाही. कागदांच्या ढिगात तो होता, पण बाहेरून तपासणाऱ्याला दिसणार नाही अशा ठिकाणी. कुणी मुद्दाम लपवला नव्हता.

म्हणजे ‘काय तपासणार नाही आणि का’ हे त्या मंडळींना माहीत होतं. त्यांनी निर्णय विचारपूर्वक घेतला होता. पण तो निर्णय जिथं कलम म्हणून उभा राहायला हवा होता तिथं नव्हता. समजा, प्लॅनमध्ये एक ओळ असती: ‘या तीन राशी तपासलेल्या नाहीत, कारण: एरियान ४ च्या मार्गावर त्या मर्यादेत राहतात.’ ‘एरियान ४’ हे शब्द एरियान ५ च्या प्लॅनमध्ये दिसले असते तर कुणाची तरी भुवई वर गेली असती. ही माझी अटकळ आहे, सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या ९९.९ ची गोष्ट वेगळी नाही: उणे ९९९ हे जुन्या फाइलींपुरतं खरं होतं आणि ते ‘जुन्या फाइलींपुरतं’ मी कुठंच लिहिलं नव्हतं.

अहवालाशी माझं एक भांडणही आहे. मंडळानं म्हटलं की सॉफ्टवेअर चुकीचं ठरेपर्यंत बरोबर मानायची वृत्ती होती, आणि ती उलटी हवी: बरोबर असल्याचं दाखवून देईपर्यंत ते सदोष मानावं. ऐकायला छान. पण शिफारशी वाचताना भर येतो तो जास्त चाचणीवर: शक्य तितकी खरी यंत्रं लावा, खरे वाटतील असे आकडे द्या, सगळी साखळी चालवून पाहा. अपघातानंतर हीच नक्कल, प्रत्यक्ष उड्डाणमार्गाच्या आकड्यांसह, चालवल्यावर घटनाक्रम जसाच्या तसा उमटलाही. तरी एक प्रश्न उरतोच: ‘खरे वाटतील’ म्हणजे कोणते? आधी कुणी विचारलं असतं तर एरियान ४ चे आकडेही ‘खरे’च होते.

१९९७ मध्ये ज्याँ-मार्क जेझेकेल आणि बेर्त्राँ मेयर यांनी याच घटनेवर एक लेख लिहिला. त्यांचा रोख असा, की हा चाचणीपेक्षा पुनर्वापराचा दोष आहे: जुना कोड उचलताना त्याच्या अटी त्याच्या अंगावरच लिहिलेल्या हव्यात. ‘ही राशी या मर्यादेत असेल तरच मी जबाबदार’ असा करार कोडमध्ये असेल, तर नवं रॉकेट बांधणाऱ्याला तो वाचावाच लागेल. मला हे बऱ्याच अंशी पटतं. मात्र मेयर हे अशा करारांची सोय असलेल्या एका प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक, तेव्हा औषध त्यांच्याच दुकानातलं आहे हे लक्षात ठेवून वाचावं. शिवाय करार लिहिणाऱ्यालाही आधी सुचायला हवं की इथं मर्यादा आहे. ते सुचण्याची जागा कोणती? मला वाटतं, कलम लिहायला बसणं हीच.

या सुचण्याबद्दल ग्लेनफर्ड मायर्सच्या १९७९ च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकाची सुरुवात प्रसिद्ध आहे. तीन पूर्णांक घ्यायचे, त्या बाजूंचा त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगायचं. या प्रोग्रामसाठी चाचण्या लिहा. मग लेखक १४ प्रश्न विचारून गुण देतो: १, २, ३ ही त्रिकोणच न बनवणारी त्रयी घेतली होती का, शून्य, उणे आकडा, बाजूंचा क्रम बदलून पाहिला का, असे. शेवटचा प्रश्न: प्रत्येक चाचणीसाठी अपेक्षित उत्तर आधी लिहिलं होतं का? अनुभवी प्रोग्रामरनाही त्याच्या सांगण्याप्रमाणे सरासरी ७.८ गुण पडत. मला पहिल्यांदा ६ पडले होते आणि शेवटच्या प्रश्नावर मी ‘हो’ म्हणून स्वतःला फसवलं होतं. कागदावर काही नव्हतं, सगळं डोक्यात होतं. पुस्तक जुनं आहे, बरंचसं आता वाचवत नाही, पण ही पहिली काही पानं अजून ताजी आहेत.

पण त्रिकोणाचं उत्तर माहीत असतं. आमच्या क्षेत्रात घोडं इथंच पेंड खातं. महाराष्ट्राच्या अमुक चौकोनाचं मार्च महिन्याचं सरासरी तापमान किती, हे आधी माहीत असतं तर सॉफ्टवेअर कशाला लिहिलं असतं? इलेन वेयुकर यांनी १९८२ मध्ये अशा प्रोग्रामांवर एक निबंध लिहिला, ज्यांचं बरोबर उत्तर सांगणारं कुणी नसतं. अशा वेळी अपेक्षित निकालाच्या रकान्यात काय लिहायचं? ‘नीट’ हा शब्द तिथं आळसानं येतो असं मी आधी समजत होते. बऱ्याचदा तो लाचारीनं येतो.

यावर एक सुंदर तोड आहे, आणि माझं सध्याचं संशोधन तिच्याभोवतीच फिरतं. टी. वाय. चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ती मांडली: मेटामॉर्फिक टेस्टिंग. एका उत्तराची खात्री नसली तरी दोन उत्तरांमधलं नातं माहीत असू शकतं. प्रत्येक दिवसाचं तापमान एका अंशानं वाढवलं तर सरासरी बरोबर एका अंशानं वाढली पाहिजे. मूळ सरासरी किती, हे माहीत असायची गरजच नाही.

आमच्या बिघडलेल्या कोडला हे लावून बघू. नोंद असलेले २९ दिवस ३० वरून ३१ केले, नोंद नसलेला दिवस तसाच ठेवला. २९ गुणिले ३१ म्हणजे ८९९, अधिक ९९.९, भागिले ३०, म्हणजे ३३.३०. आधी ३२.३३ होतं. फरक ०.९७. एक यायला हवा होता, आला नाही. फेल! खरं तापमान कुणालाही माहीत नसताना चूक पकडली गेली. पहिल्यांदा हे वहीत करून पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या होत्या.

मात्र कुठलंही नातं चालत नाही. ‘दिवसांचा क्रम उलटसुलट केला तरी सरासरी तीच राहावी’ हेही खरं नातं आहे, पण बिघडलेला कोड त्यात आरामात पास होतो. बेरीज क्रमानं बदलत नाही, ९९.९ असो वा नसो. कोणतं नातं कोणती चूक उघड करेल हे आधी ओळखता येईल का, हा माझ्या प्रबंधाचा तिसऱ्या प्रकरणाचा प्रश्न आहे. आणि दुसरी मेख: वरच्या चाचणीत नोंद नसलेला एक तरी दिवस असला पाहिजे. सगळ्या ३० नोंदी असलेली नीटनेटकी फाइल घेतली असती तर फरक बरोबर एक आला असता. आपण चाचणीसाठी फाइल निवडतो ती नेहमी चांगलीच निवडतो. पाहुणे येणार म्हटल्यावर घर आवरतो तसं.

तर आता कलम सात असं आहे: ‘नव्या प्रकारची फाइल, एका केंद्राचा ३० दिवसांचा महिना, त्यात ११ व्या दिवशी ९९.९. (क) वाचलेल्या दिवसांची संख्या २९ यावी. ३० आली तर फेल. (ख) उरलेले २९ आकडे एकाने वाढवून पुन्हा चालवावं. सरासरीतला फरक १ पासून ०.००१ पेक्षा जास्त ढळला तर फेल. (ग) सगळे ३० दिवस ९९.९ असतील तर सरासरीच्या जागी ‘नोंद नाही’ यावं. कुठलाही आकडा आला तर फेल. या कलमात न तपासलेलं: उणे ९९९ आणि ९९.९ दोन्ही एकाच फाइलमध्ये असणं.’

एका ओळीच्या जागी परिच्छेद झाला हे मान्य. लॅबमध्ये यावर आक्षेपही आला: असं प्रत्येक कलम लिहायचं तर सहा महिने त्यातच जातील. आक्षेप खोटा नाही. ३४ पैकी ९ कलमंच मी अशी लिहिली आहेत. १४ काढून टाकली, कारण ती कधी नापास होऊ शकतील असं मला काही सुचलं नाही. उरलेली ११ सध्या ‘काय तपासणार नाही’ या शीर्षकाखाली आहेत, कारणांसह. प्लॅन आधीपेक्षा गरीब दिसतो. मॅडमनी तो पाहिला, ती ११ कलमं दोनदा वाचली आणि दोन ठिकाणी ‘हे कारण मला पटत नाही’ असं पेन्सिलनं लिहिलं. हिरव्या ‘पास’ वर त्यांनी कधीच काही लिहिलं नव्हतं.

ज्युनियरचं प्रकरण पुन्हा लिहून झालं. आडगावचे भाग जास्त तापत असल्याचा निष्कर्ष उरला नाही. आता त्या जागी नोंदी कुठं आणि का चुकतात याचा तक्ता आहे. ती म्हणते हेच जास्त उपयोगाचं आहे. मला वाटतं, ती मला बरं वाटावं म्हणून तसं म्हणते.

एक कलम मात्र अजून लिहून होत नाही. दोन केंद्रांच्या मधल्या जागेचं तापमान आम्ही आजूबाजूच्या केंद्रांवरून काढतो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, खाली वाई ७०० मीटरच्या आसपास. दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर एवढ्याशा अंतरात चारेक अंशांचा फरक पडतो. नुसत्या खालच्या केंद्रांवरून काढलेलं महाबळेश्वर हमखास जास्त तापलेलं येणार. किती जास्त आलं की फेल लिहायचं? एक अंश? दोन? ढगाळ दिवशी किती, कोरड्या दिवशी किती? तो रकाना मी तीन आठवड्यांपासून रिकामा ठेवला आहे. घाटावरच्या हवेवर काम करणारं कुणी वाचत असेल तर खाली लिहा.